उपनगरांतील वस्ती बदलते, तेव्हा मताचे मोल कसे बदलते?

निवडणुकीचा निकाल लागला की आपण उमेदवार, पक्ष आणि प्रचार यांची चर्चा करतो. परंतु त्याआधीची पंधरा-वीस वर्षे लोक कोठून उठून कोठे राहावयास गेले, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. वास्तविक राज्याच्या राजकारणाला वळण देणारी ही एक मोठी शक्ती आहे. मुंबई आणि तिच्या उत्तरेकडील आपला वसई परिसर हे तिचे ठळक उदाहरण होय.

१९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील अनेक कुटुंबांची उपजीविका गेली. पुढे घरांच्या किमती वाढत गेल्या आणि चाळींच्या जागी मनोरे आले. सामान्य माणूस लोकलच्या मार्गाने बोरीवली, मीरा रोड, नालासोपारा, विरार आणि दुसऱ्या बाजूला ठाणे, डोंबिवली, कल्याण असा सरकत गेला. जनगणनेचे आकडे हेच सांगतात. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ३३ लाख ३८ हजार होती. ती २०११ मध्ये सुमारे ३० लाख ८५ हजारांवर उतरली. त्याच दहा वर्षांत तत्कालीन ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला.

या स्थलांतराचा मतदानावर तीन प्रकारे परिणाम होतो.

पहिला परिणाम जागांच्या वाटपावर. महाराष्ट्र विधानसभेच्या जागा २८८ आहेत. १९७१ च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची जुनी रचना २००४ च्या निवडणुकीपर्यंत चालू होती. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे ती बदलली आणि २००९ ची विधानसभा निवडणूक नव्या रचनेनुसार झाली. त्यापूर्वी मुंबई शहर आणि मुंबई उपनगर यांना प्रत्येकी १७ जागा होत्या. नव्या रचनेत शहराकडे १० जागा उरल्या, तर उपनगरांच्या २६ झाल्या. खेतवाडी, ऑपेरा हाऊस, चिंचपोकळी, नागपाडा ही मतदारसंघांची नावे यादीतून नाहीशी झाली. ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ वर गेल्या. एकूण संख्या तीच असल्याने ही वाढ दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून आली. रत्नागिरी जिल्ह्याच्या ७ जागांच्या ५ झाल्या. कोकणातला तरुण नोकरीसाठी विरारला आला, तेव्हा त्याच्या पाठोपाठ गावाचे विधानसभेतील बळही काही अंशी इकडे आले, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा परिणाम मतदारसंघाच्या अंतरंगावर. येथे २००९ ची वसई आठवावी. त्या वर्षी जुलैमध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि आपली गावे तिच्यातून वगळावीत, यासाठी पश्चिम पट्ट्यातील ग्रामस्थांनी मोठे आंदोलन केले. ऑक्टोबरच्या निवडणुकीत वसई मतदारसंघातून त्या आंदोलनाचे नेते विवेक पंडित अपक्ष म्हणून निवडून आले. शेजारच्या नालासोपारा या नव्याने निर्माण झालेल्या मतदारसंघात मात्र बहुजन विकास आघाडीचे क्षितिज ठाकूर विजयी झाले. तालुका एक, निवडणूक एक, पण कौल दोन! वाडी, विहीर आणि शेती सांभाळणाऱ्या ग्रामस्थाला शहर अंगावर येत असल्याची भीती होती. रेल्वेलगतच्या इमारतींतील नव्या रहिवाशाला पाणी, रस्ता आणि गाडीत उभे राहण्यापुरती जागा हवी होती. हे चित्रही स्थिर राहिले नाही. २०१४ व २०१९ मध्ये दोन्ही जागा बहुजन विकास आघाडीकडे गेल्या, तर २०२४ मध्ये दोन्हीकडे भारतीय जनता पक्षाचे उमेदवार विजयी झाले. जेथे वस्ती सतत बदलते, तेथे कोणतीही जागा कोणाची कायमची मिरास राहत नाही.

तिसरा परिणाम मताच्या वजनावर. एकदा सीमा ठरल्या की त्या अनेक वर्षे बदलत नाहीत, लोक मात्र येतच राहतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईच्या वडाळा मतदारसंघात सुमारे दोन लाख मतदार होते, वसईत साडेतीन लाखांच्या आसपास, तर नालासोपाऱ्यात सुमारे सहा लाख. आमदार मात्र प्रत्येकी एकच. म्हणजे नालासोपाऱ्यातील एका मताचे वजन वडाळ्यातील मताच्या तिसऱ्या हिश्शाएवढे भरले. २०११ नंतरची जनगणना लांबल्याने ही तफावत कागदावरही नीट उतरलेली नाही. २०२७ मध्ये जनगणना करण्याची घोषणा केंद्र सरकारने २०२५ मध्ये केली. तिच्या नोंदींत आपले घर अचूक येणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आता आपल्या अंतःकरणाला भिडणारा प्रश्न. वसईचा ख्रिस्ती समाज या भूमीवर शतकानुशतके राहत आला आहे. एके काळी गावोगावी त्याचा शब्द मोलाचा होता; आज अफाट वाढलेल्या मतदारसंख्येत आपण मूठभर उरलो, अशी खंत मिस्सेनंतर मंदिराच्या अंगणात आम्ही अनेकदा ऐकतो. ही खंत खोटी नाही. परंतु तिचे रूपांतर 'बाहेरच्यां'विषयीच्या कडवटपणात होऊ देणे हे ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीला धरून नाही. इजिप्तमध्ये तुम्ही स्वतः परके होता, म्हणून परक्याला छळू नका, असे नियमशास्त्र इस्राएलला बजावते. शिवाय मुंबईतून वसई रोडला किंवा विरारला आलेली कित्येक कॅथलिक कुटुंबेही याच लाटेबरोबर आली आहेत. रविवारी आपल्या शेजारी गुडघे टेकणारा बांधव सोमवारी परका कसा ठरेल?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात मतदान हा नागरिकाचा हक्क आणि कर्तव्य असल्याचे सांगितले व ते सर्वांच्या हितासाठी बजावावे, असे आवाहन केले. संख्येने थोडे असलेल्यांचे बळ गठ्ठा मतांत नसते. ते सर्वांचा प्रश्न प्रथम मांडण्यात असते. १९८९ पासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचा जो लढा उभा राहिला, तो केवळ ख्रिस्ती माणसाचा लढा नव्हता. विहिरीचे पाणी आटले, तर ते ग्रामस्थाचे आटते आणि टँकरवर जगणाऱ्या इमारतीचेही आटते.

म्हणून प्रत्येक धर्मग्रामाने एक साधे काम हाती घ्यावे. राहते घर बदलले असेल तर नमुना ८ भरून नाव नव्या पत्त्यावर आणावे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनी नमुना ६ भरावा. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांची पहिली तारीख वयाच्या पात्रतेसाठी धरली जाते, त्यामुळे वर्षभर थांबण्याचे कारण नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही आणि सद्सद्विवेकालाही नाही. आपल्या इमारतीतील अन्यधर्मीय शेजाऱ्याचा अर्जही आपल्या अर्जासोबत भरून घेतला, तर पाण्याच्या प्रश्नावर उद्या दोघांना एकत्र उभे राहणे सोपे जाईल.