टांकसाळीची चूक की हातोडीची करामत?

चुकीच्या छापाच्या नाण्याला शौकीन जादा दाम देतात. त्यामुळे गल्ल्यातले वाकडेतिकडे नाणेही दुर्मिळ म्हणून दाखवले जाते. आम्ही कापडवाले मागावरचा दोष आणि नंतर लागलेला खोंबारा यांतला फरक पाहतो. नाण्यालाही हाच नियम लावावा: दोष छापतानाचा की छापल्यानंतरचा?

टांकसाळीत कोरी चकती दोन ठशांमध्ये दाबतात. कधी छापलेले नाणे एका ठशाला चिकटून राहते व पुढची चकती त्याच्यावर दाबली जाते. मग तिच्या एका बाजूस नेहमीचा उठावदार छाप येतो, दुसऱ्या बाजूस तोच छाप उलटा व खोलगट. लबाड लोक दोन नाणी व्हाईसमध्ये दाबून असाच माल तयार करतात. पण त्यात मूळ छापाच्या खुणा उरतात आणि पाठीकडचा छाप चेपतो.

पत्र्यातून चकती अपुरी कापली गेली, तर कड चंद्रकोरीसारखी तुटकी दिसते. अशा नाण्याची बरोबर समोरची कड बहुधा पुसट असते. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड शाबूत राहते.

तेजाबात टाकलेले नाणे पातळ होते, अक्षरे विरघळल्यासारखी दिसतात. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा होता. तेव्हा काटा लावावा. छाप नुसता बाजूला सरकला असेल, तर वजन पुरे भरते.

भिंग आणि काटा यांशिवाय दाम मोजू नये. कारागीर बांधवांनीही अशी 'दुरुस्ती' करून देऊ नये. २०११ च्या नाणे कायद्याने नाणे वितळवणे वा नष्ट करणे गुन्हा आहे, आणि बनावट माल खरा म्हणून विकणे ही उघड फसवणूक.