‘हल्लीची मुलं’: ओरड किती, पुरावा किती?

तरुण पिढी आत्मकेंद्री झाली की नाही, हे मोजायचा खटाटोप सर्वाधिक झाला अमेरिकेत. मुख्य साधन एकच, १९७९ साली मांडलेली आत्मप्रौढी मोजणारी प्रश्नावली. तिच्या रूढ आवृत्तीत विधानांच्या ४० जोड्या असतात. एकीकडे ‘मी इतरांसारखाच’ अशा धाटणीचं विधान, दुसरीकडे ‘मी खास’ अशा धाटणीचं. एकावर खूण करायचीच, मधला मार्ग नाही! मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगे आणि सहकाऱ्यांनी १६ हजारांवर विद्यार्थ्यांची अशी उत्तरं तपासून २००८ साली आत्मप्रौढी वाढल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांना वाढ दिसलीच नाही. २०१७च्या अभ्यासात तर आलेख किंचित उतरलेला निघाला. तरुण कामाकडे कसं पाहतात, याबद्दलचा पुरावा त्यामानाने बरा: १९७६च्या तुलनेत २००६ची बारावीतली अमेरिकी मुलं फुरसतीला जास्त मोल देत होती. आता याला आळस म्हणायचं की शहाणपण, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आणि हो, उद्धट पोरांबद्दलचं सॉक्रेटिसच्या नावावर फिरणारं ते वचन पुढे ढकलू नका. ते सॉक्रेटिसचं नाही. अभ्यासक केनेथ जॉन फ्रीमन यांच्या १९०७मधल्या लेखनातून आलेलं आहे.