निवृत्त ग्रेहाउंडांची देखभाल

निवृत्त ग्रेहाउंड म्हणजे व्यावसायिक शर्यतींतून बाहेर पडलेला आणि पुढे पाळीव प्राणी म्हणून दत्तक दिला जाणारा ग्रेहाउंड जातीचा कुत्रा. शर्यतीचे ग्रेहाउंड साधारणपणे दीड वर्षाच्या आसपास धावू लागतात आणि दोन ते पाच वर्षांच्या वयात निवृत्त होतात. या जातीचे आयुर्मान दहा ते तेरा वर्षे असल्यामुळे धावपट्टीनंतरचा काळ हा त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग ठरतो. जातीची वेगळी शरीररचना, शर्यतीत झालेल्या इजा आणि कुत्राघरात गेलेले बालपण या तीन कारणांनी त्यांची देखभाल इतर कुत्र्यांपेक्षा काही बाबतींत वेगळी असते.

पार्श्वभूमी

यांत्रिक सशामागे कुत्रे धावविण्याची आधुनिक शर्यत ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी अमेरिकेत विकसित केली. १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे तिची धावपट्टी सुरू झाली. १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ती इंग्लंडमध्ये आली आणि पुढच्याच वर्षी आयर्लंड व ऑस्ट्रेलियात पोहोचली. निवृत्त कुत्र्यांचे काय करायचे, याचा विचार मात्र अनेक दशके कोणी फारसा केला नाही. बहुसंख्य कुत्रे मारून टाकले जात. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये रिटायर्ड ग्रेहाउंड ट्रस्ट आणि १९८७ मध्ये अमेरिकेत ग्रेहाउंड पेट्स ऑफ अमेरिका या संस्था स्थापन झाल्यावर दत्तक देण्याला संघटित रूप आले. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील दत्तक कार्यक्रम १९९० च्या दशकातील आहे.

धावपट्टी बंद होते तेव्हा एकाच वेळी अनेक कुत्र्यांना घर शोधावे लागते. मकाऊ येथील कॅनिड्रोम जुलै २०१८ मध्ये बंद झाले तेव्हा पाचशेहून अधिक ग्रेहाउंड मागे राहिले आणि त्यांपैकी बरेच दत्तक जाण्यासाठी परदेशी पाठवावे लागले. फ्लोरिडात २०१८ च्या मतदानाने २०२० अखेर शर्यती थांबविण्याचे ठरले. तेथील संस्थांना तयारीसाठी दोन वर्षे मिळाली. 

रक्त आणि भूल

ग्रेहाउंडचे रक्त इतर कुत्र्यांच्या सरासरीत बसत नाही. तांबड्या पेशींचे प्रमाण जास्त, तर पांढऱ्या पेशी व प्लेटलेट कमी असतात. स्नायूंचे वजन मोठे असल्याने क्रिएटिनिन वरच्या बाजूला असते आणि थायरॉइडचे टी-४ संप्रेरक नेहमीच्या मर्यादेखाली आढळते. प्रयोगशाळेच्या अहवालात यांतील बहुतेक आकडे असामान्य म्हणून छापले जातात. त्यामुळे निरोगी कुत्र्याला थायरॉइडच्या गोळ्या किंवा मूत्रपिंडाच्या आजाराचा आहार सुरू केल्याची उदाहरणे कमी नाहीत. म्हणून कुत्रा निरोगी असतानाच एकदा रक्त तपासून तो अहवाल जपून ठेवणे उपयुक्त ठरते, कारण पुढील आजारपणात तुलना त्याच्याशी करता येते.

भूल देताना अधिक काळजी लागते. अंगात चरबी फार कमी आणि यकृतात काही औषधांचे विघटन मंद, यामुळे थायोपेंटलसारख्या बार्बिट्युरेट औषधांनंतर ग्रेहाउंड कित्येक तास शुद्धीवर येत नाही. आता इतर औषधे उपलब्ध असल्याने हा धोका टाळता येतो, पण पशुवैद्याला जात सांगितलेली असली पाहिजे. शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव हा दुसरा धोका. ओहायो स्टेट विद्यापीठातील पशुवैद्यकांच्या अभ्यासात नसबंदी केलेल्या ग्रेहाउंडांपैकी सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांना शस्त्रक्रियेनंतर दीड ते दोन दिवसांनी रक्तस्राव झाला. यात रक्त गोठते, पण तयार झालेली गुठळी वेळेआधी विरघळते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या चाचण्या निर्दोष येतात आणि कुत्रा घरी गेल्यावर त्याच्या मांडीवर व पोटावर काळेनिळे डाग पसरतात. एप्सिलॉन अमिनोकॅप्रोइक आम्ल किंवा ट्रॅनेक्सॅमिक आम्ल आधीच दिल्यास हा धोका बराच कमी होतो.

लंगडणे आणि त्याची कारणे

निवृत्त ग्रेहाउंड लंगडू लागल्यास शर्यतीतील जुनी इजा, तळव्याचे कुरूप आणि हाडाचा कर्करोग या तिन्ही शक्यता तपासाव्या लागतात. बहुतेक धावपट्ट्यांवर कुत्रे घड्याळाच्या उलट दिशेने धावतात. वळणावर उजव्या मागच्या पायाच्या घोट्यावर ताण पडून तेथील मधले हाड मोडणे ही ठरलेली इजा आहे, आणि वय वाढल्यावर त्याच सांध्यात संधिवात उद्भवतो.

कुरूप हे या जातीचे खास दुखणे आहे. पायाच्या गादीत कठीण, गोल खिळ्यासारखा थर तयार होतो. कुत्रा गवतावर बरा चालतो आणि डांबरी रस्त्यावर पाय उचलून धरतो, यावरून ते ओळखू येते. कुरूप कोरून काढले तरी बहुधा परत येते. अलीकडे बोटाच्या वाकविणाऱ्या स्नायुबंधाला छेद देऊन गादीवरचा दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया केली जाते.

हाडाचा कर्करोग, म्हणजे ऑस्टिओसार्कोमा, या जातीत विशेष प्रमाणात आढळतो. सुरुवातीला तो मुरगळल्यासारखा वाटतो, वेदनाशामकाने दोन-चार दिवस आरामही पडतो, आणि महत्त्वाचे आठवडे निघून जातात. मध्यमवयीन किंवा वृद्ध ग्रेहाउंडचे लंगडणे थांबत नसल्यास क्ष-किरण तपासणी लांबणीवर टाकू नये. पाय काढणे हा वेदनेवरचा खात्रीचा उपाय आहे आणि ग्रेहाउंड तीन पायांवर आश्चर्य वाटावे इतके चांगले वावरतात. परंतु रोग बहुधा आधीच फुप्फुसाकडे गेलेला असतो. कुत्र्यांमध्ये केवळ पाय काढल्यास सरासरी चार ते पाच महिने, तर सोबत केमोथेरपी दिल्यास सुमारे दहा ते बारा महिने मिळतात. काही मालक शस्त्रक्रिया न करता वेदनाशामके देतात. पोखरलेले हाड अचानक मोडण्याची शक्यता असल्याने त्या मार्गात दयामरणाचा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

इतर आजार

कुत्राघरातील मऊ, दळलेल्या मांसाच्या आहारामुळे दातांवर कीटण साचते आणि हिरड्या खराब होतात. दत्तक घेतल्यावर पहिला मोठा खर्च बहुधा दातांचाच असतो. मांड्यांवरचे केस गळणे निरुपद्रवी आहे. अंगावरची कातडी पातळ असल्याने साध्या खेळातही ती फाटते. गोचिडांमुळे होणारे बेबेसिओसिस व एर्लिकिओसिस हे आजार लक्षणांशिवाय वर्षानुवर्षे अंगात राहू शकतात, म्हणून अमेरिकेतील संस्था त्यांची चाचणी करतात. एर्लिकिओसिस महाराष्ट्रातील श्वानपालकांना ‘टिक फीव्हर’ या नावाने चांगलाच परिचित आहे. अमेरिकेतील शर्यतीच्या कुत्र्यांत अंकुशकृमींनी तिन्ही प्रमुख औषधगटांना प्रतिकार निर्माण केल्याचे आढळले आहे. तेथे एकदा जंतनाशक देऊन काम भागत नाही, विष्ठातपासणी पुन्हा करावी लागते.

वर्तन

शर्यतीच्या ग्रेहाउंडने जिना, काचेचे दार, गुळगुळीत फरशी, धुलाईयंत्र यांपैकी काहीच पाहिलेले नसते. जिन्यापाशी तो थिजून उभा राहतो. ओढल्याने उपयोग होत नाही, एकेक पायरीवर पाय ठेवून शिकवावे लागते.

अनेक कुत्रे ज्या कारणाने परत केले जातात ते झोपेतील दचकणे. कुत्राघरात प्रत्येकाची जागा वेगळी असते आणि झोपेत कोणी अंगाला हात लावत नाही. काही ग्रेहाउंड अर्धे डोळे उघडे ठेवून झोपतात, त्यामुळे तो जागा आहे असे समजून मूल जवळ जाते आणि कुत्रा गुरगुरतो किंवा चावा घेतो. याला आक्रमक स्वभाव म्हणणे बरोबर नाही. कुत्र्याचे अंथरूण वर्दळीपासून दूर, जमिनीवर असावे. त्याला स्पर्शाने न उठविता दुरून नाव घेऊन उठवावे, आणि मुलांना अंथरुणापाशी जाऊ देऊ नये. गुरगुरण्याबद्दल शिक्षा केली तर कुत्रा गुरगुरणे सोडतो, चावणे सोडत नाही.

एकटेपणाची भीती हा दुसरा प्रश्न. जन्मापासून डझनावारी कुत्र्यांत राहिलेल्या प्राण्याला रिकामे घर असह्य होते. तो रडतो, दारे ओरबाडतो, घरात लघवी करतो. पहिल्या दिवसापासूनच काही सेकंद, मग काही मिनिटे असे बाहेर जाऊन सवय लावली जाते. प्रशिक्षणाने भागले नाही तर पशुवैद्य फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन देतात. आठवडाभर रजा काढून सतत सोबत राहणारा मालक चांगल्या हेतूने नेमकी उलटी सवय लावतो.

पाठलागाची प्रवृत्ती प्रशिक्षणाने नाहीशी होत नाही. घरातल्या मांजरीशी जुळवून घेतलेला कुत्राही बाहेर धावत्या मांजरीमागे जाऊ शकतो. ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारा कुत्रा हाक ऐकून थांबेल असे गृहीत धरता येत नाही, म्हणून कुंपण नसलेल्या जागी त्याला मोकळे सोडत नाहीत. डोके मानेपेक्षा अरुंद असल्याने साधा पट्टा निसटतो. ओढल्यावर मर्यादित आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा वापरतात. व्हिक्टोरियात पाळीव ग्रेहाउंडला सार्वजनिक जागी मुसके घालण्याची सक्ती होती. ती १ जानेवारी २०१९ पासून रद्द झाली, पट्ट्याची सक्ती मात्र कायम आहे.

संबंधित जाती

दृष्टीच्या आधारे शिकार करणाऱ्या याच गटात महाराष्ट्र व कर्नाटकातील कारवान अर्थात मुधोळ हाउंड मोडतो. त्याचेही अंग सडपातळ, डोके अरुंद आणि पाठलागाची ओढ तीव्र असते. पट्टा, कुंपण व मांजरीविषयी वर दिलेल्या गोष्टी त्याला लागू पडतात. शर्यतीच्या इजा आणि कुत्राघरातील सवयी अर्थातच नाहीत.