विश्लेषण : शालेय खेळाडूंना आचारसंहिता हवी, मग पालक-प्रशिक्षकांना का नको?

पंचांशी हुज्जत, प्रतिस्पर्ध्यांवर शेरेबाजी, सामना हरल्यावर हात न मिळवताच मैदान सोडणे… शालेय स्पर्धांत असे प्रकार घडले की ‘हल्लीच्या मुलांत खिलाडूवृत्तीच उरली नाही’ अशी चर्चा सुरू होते. मात्र शालेय खेळातील सर्वांत गंभीर गैरप्रकार, म्हणजे खोटा जन्मदाखला किंवा बनावट क्रीडा प्रमाणपत्र, एकटा मुलगा करूच शकत नाही. त्यामागे कुणीतरी मोठे माणूस असते. त्यामुळे मुलांकडून कोणत्या वर्तनाची अपेक्षा ठेवायची, याबरोबरच मोठ्यांना कोणते नियम लागू होतात, हेही समजून घेणे आवश्यक ठरते.

शालेय खेळाडूकडून नेमकी अपेक्षा काय?

खेळ कोणताही असो, काही अपेक्षा समान असतात. पंचांचा निर्णय मान्य करायचा, शंका असेल तर फक्त कर्णधाराने बोलायचे. प्रतिस्पर्ध्याची जात, धर्म, रंग किंवा शरीरयष्टी यावरून टिप्पणी करायची नाही. साहित्य फेकायचे-आपटायचे नाही. सामना संपल्यावर प्रतिस्पर्धी आणि पंचांशी हस्तांदोलन करायचे. बाहेरगावच्या स्पर्धेत निवासस्थानी आणि प्रवासातही शाळेचे नाव राखायचे. वय आणि दुखापतीबद्दल खरी माहिती द्यायची.

नियम आणि खिलाडूवृत्ती यांत मात्र फरक आहे. काय करू नये हे नियम सांगतो. नियमाची सक्ती नसतानाही योग्य ते करणे ही खिलाडूवृत्ती. याचे मुंबईतले गाजलेले उदाहरण फेब्रुवारी १९८०चे. वानखेडे स्टेडियमवर इंग्लंडविरुद्धच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत पंचांनी बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिले होते. चेंडू बॅटला लागलेला नाही याची खात्री असल्याने भारताचे कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांनी टेलरला परत बोलावले. त्यानंतर टेलर आणि इयन बोथम यांची मोठी भागीदारी झाली आणि इंग्लंडने सामना १० गडी राखून जिंकला. विश्वनाथ यांना पंचांचा निर्णय स्वीकारून गप्प राहता आले असते. कोणताही नियम त्यांच्या आड येत नव्हता.

गैरवर्तनाला मैदानावर शिक्षा काय?

फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात दोन पिवळी कार्डे मिळाली की लाल कार्ड मिळते. खेळाडू बाहेर जातो आणि उर्वरित सामना संघाला एक खेळाडू कमी घेऊन खेळावा लागतो. हॉकीत हिरव्या कार्डाला दोन मिनिटे, पिवळ्याला किमान पाच मिनिटे आणि लाल कार्डाला संपूर्ण सामना बाहेर बसावे लागते. कबड्डीत हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर आणि लाल म्हणजे सामन्यातून हकालपट्टी.

या सर्व शिक्षांमागे एकच विचार आहे. चूक एकाची असली तरी फटका संघाला बसतो. त्यामुळे सहकारीच एकमेकांना आवरतात. शालेय वयात समवयस्कांचे म्हणणे अनेकदा शिक्षकांच्या उपदेशापेक्षा लवकर पटते.

क्रिकेटमधील ‘नियम ४२’ शाळांसाठी महत्त्वाचा का?

क्रिकेटमध्ये पूर्वी मैदानावरच्या मैदानावर खेळाडूला बाहेर काढण्याची सोय नव्हती. आंतरराष्ट्रीय सामन्यात सामनाधिकारी मानधनातून दंड कापतात. शालेय खेळाडूला मानधनच नसते, मग कापणार काय? मेरिलबोन क्रिकेट क्लबने ऑक्टोबर २०१७ पासून लागू केलेल्या नियमावलीतील नियम ४२ने ही पोकळी भरली.

त्यात गैरवर्तनाचे चार स्तर आहेत. पंचांच्या निर्णयावर नाराजी दाखवणे, अश्लील भाषा किंवा अतिरेकी अपील हा पहिला स्तर. त्यासाठी आधी ताकीद आणि संघाकडून पुन्हा तसे घडल्यास प्रतिस्पर्ध्यांना पाच धावा मिळतात. जाणूनबुजून धक्का देणे, चेंडू धोकादायकरीत्या अंगावर फेकणे यासाठी ताकीद नाही, थेट पाच धावा. पंचांवर दबाव आणणे किंवा प्रतिस्पर्ध्याला मारण्याची धमकी देणे या तिसऱ्या स्तरावर खेळाडूला काही षटकांसाठी बाहेर जावे लागते. मर्यादित षटकांच्या सामन्यात ही शिक्षा डावातील एकपंचमांश षटकांची असते. पंचांना धमकावणे किंवा मारहाण यासाठी उर्वरित सामन्यातून हकालपट्टी होते. शेवटच्या दोन स्तरांतही पाच धावांचा दंड असतोच. खेळाडूला मैदानाबाहेर पाठवण्याची जबाबदारी कर्णधारावर आहे. त्याने नकार दिल्यास सामना प्रतिस्पर्ध्यांना बहाल होऊ शकतो.

शालेय सामन्यांत या नियमाचा आधार घ्यायचा तर पंचांना आयोजकांचे पाठबळ लागते. निर्णय दिल्यावर शाळेच्या पदाधिकाऱ्याचा फोन येणार असेल, तर पंच कार्ड खिशातच ठेवणे पसंत करतात.

मुलांवर दडपण येते कुठून?

महाराष्ट्रात शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका किंवा महापालिका पातळीवरून जिल्हा, विभाग, राज्य आणि पुढे राष्ट्रीय स्पर्धा अशी ही शिडी आहे. प्रत्येक पायरीला मोल आहे. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडा कामगिरीनुसार कमाल २५ पर्यंत सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे.

ग्रामीण भागातील, विशेषतः कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळणाऱ्या मुला-मुलींसाठी या सवलती मोठा आधार आहेत. मात्र त्यामुळेच जिल्हा पातळीवरचा एखादा उपांत्य सामनाही घरच्यांच्या दृष्टीने प्रवेशाचा किंवा नोकरीचा प्रश्न होऊन बसतो. पंचांचा एक निर्णय विरोधात गेला की पालक मैदानात का धावतात, याचे उत्तर इथे सापडते. याच सवलतींच्या मोहातून बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणेही राज्यात उघडकीस आली. त्यानंतर नोकरीच्या वेळी प्रमाणपत्रांची कसून पडताळणी होऊ लागली आणि त्याचा विलंब प्रामाणिक खेळाडूंनाही सोसावा लागतो.

वयचोरी हा शिस्तीचा प्रश्न कसा?

वयोगटाच्या स्पर्धेत दोन वर्षांनी मोठा मुलगा उतरला तर उंची, ताकद आणि वेग यांत त्याला आयता फायदा मिळतो. त्याच्यामुळे खऱ्या वयाचा एक मुलगा संघाबाहेर राहतो. कुस्ती, कबड्डीसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत तर समोरच्याला दुखापतीचा धोकाही वाढतो.

राहुल द्रविड यांनी डिसेंबर २०१५ मध्ये पतौडी स्मृती व्याख्यानात या मुद्द्यावर कडक शब्दांत बोट ठेवले होते. पालक आणि प्रशिक्षकच खोटा दाखला तयार करताना मुलगा पाहत असेल, तर तोही फसवणुकीलाच उत्तेजन मिळाल्यासारखे समजणार नाही का, असा त्यांचा सवाल होता. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ कनिष्ठ गटात ‘टीडब्ल्यू-३’ ही हाडांच्या वयाची चाचणी घेते. त्यात डाव्या हाताच्या मनगट-पंजाच्या क्ष-किरण छायाचित्रावरून वयाचा अंदाज बांधतात. २०२० मध्ये मंडळाने चूक स्वतःहून कबूल करणाऱ्या खेळाडूंना माफीची संधी दिली. लपवून ठेवल्याचे आढळल्यास दोन वर्षांची बंदी जाहीर केली. बंदीची ही दोन वर्षे मुलाच्या वाट्याला येतात. दाखला बनवून आणणारा बहुतेकदा नामानिराळा राहतो.

एकतर्फी विजय खिलाडूवृत्तीला धरून आहेत का?

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणमधील आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावांचा विश्वविक्रम केला. त्याच्या संघाने ३ बाद १४६५ धावांवर डाव घोषित केला. समोरच्या संघाचे डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या हॅरिस शिल्ड स्पर्धेत ७६१ धावांचा पाठलाग करणारा संघ अवघ्या सात धावांत बाद झाला. त्या सातही धावा अवांतर होत्या, बॅटमधून एकही धाव निघाली नाही.

दोन्ही सामन्यांत कोणताही नियम मोडला गेला नाही. विक्रम करणाऱ्या मुलांना दोष देण्याचेही कारण नाही. त्यांना धावा करायलाच शिकवलेले असते. कधी थांबायचे हे प्रशिक्षकाने ठरवायचे असते आणि मुळात इतके विषम संघ समोरासमोर येणार नाहीत हे आयोजकांनी पाहायचे असते. काही खेळांनी त्यावर नियमच केला आहे. मुक्त शैलीच्या कुस्तीत १० गुणांची आघाडी मिळताच लढत संपते. अमेरिकेतील शालेय बेसबॉल-सॉफ्टबॉलमध्ये धावांचा ठरावीक फरक झाल्यावर सामना लवकर थांबवण्याची सोय आहे. शालेय क्रिकेटमध्येही दर्जानुसार गट पाडणे किंवा धावसंख्येच्या मर्यादेनंतर डाव थांबवणे अवघड नाही. हरणाऱ्या अकरा मुलांपैकी किती जण पुढच्या वर्षी मैदानावर येतात, हेही शालेय स्पर्धेचे फलित मानायला हवे.

मैदानाबाहेरच्या वर्तनावर शाळेचा अधिकार किती?

अमेरिकेत शालेय संघात प्रवेश घेताना खेळाडू आणि पालक लेखी आचारसंहितेवर सही करतात. सामन्यातून हकालपट्टी झालेल्या खेळाडूला अनेक राज्यांत पुढच्या सामन्यातही बसवले जाते. मात्र या अधिकारालाही मर्यादा असल्याचे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले.

प्रकरण पेनसिल्व्हेनियातील महनॉय परिसरातील शाळेचे होते. चीअरलीडिंगच्या मुख्य संघात निवड न झाल्याने एका विद्यार्थिनीने २०१७ मध्ये सुट्टीच्या दिवशी, शाळेबाहेर असताना स्नॅपचॅटवर शिवराळ मजकूर टाकला. चोवीस तासांत आपोआप पुसल्या जाणाऱ्या त्या पोस्टचा स्क्रीनशॉट प्रशिक्षकांपर्यंत पोहोचला आणि तिला वर्षभरासाठी संघाबाहेर काढले गेले. न्यायालयाने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल दिला. गंभीर छळ, धमक्या अशा बाबतींत शाळा आवाराबाहेरच्या वर्तनाचीही दखल घेऊ शकते. पण केवळ राग व्यक्त केला म्हणून तिला इतका अधिकार मिळत नाही, असा त्याचा मथितार्थ.

हा निकाल अमेरिकी राज्यघटनेवर आधारित असल्याने भारतात लागू नाही. तरी मुद्दा इथेही तितकाच खरा आहे. संघाचा व्हॉट्सअॅप गट आणि इन्स्टाग्रामवरील रील आता आपल्या शालेय खेळाचाही भाग आहेत. प्रतिस्पर्धी शाळेतील मुलीची चित्रफीत टिंगल करून पसरवणे आणि संघात जागा न मिळाल्याचा वैताग व्यक्त करणे, या दोन गोष्टींना एकच शिक्षा देता येणार नाही.

मोठ्यांना नियम लागू होतात का?

हळूहळू होऊ लागले आहेत. फुटबॉलच्या नियमांत २०१९ पासून प्रशिक्षक आणि संघ व्यवस्थापनालाही पिवळे-लाल कार्ड दाखवता येते. राखीव बाकांवरून शिवी कुणी दिली हे कळले नाही, तर तिथे असलेल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाला कार्ड मिळते. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेने २०२१ पासून १६ वर्षांखालील खेळाडूंना ‘संरक्षित व्यक्ती’ मानले आहे. असा खेळाडू दोषी आढळल्यास त्याच्या प्रशिक्षक-साहाय्यकांची चौकशी अनिवार्य ठरते आणि त्यांचा हात असल्यास आजीवन बंदीपर्यंत शिक्षा होऊ शकते.

भारतात शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. झेल सोडला म्हणून कानाखाली मारणारा क्रीडाशिक्षक ‘शिस्त लावत’ नसतो, कायदा मोडत असतो. पालकांसाठी मात्र असा थेट नियम नाही. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत हजारो शालेय पंचांनी काम सोडले. पालक आणि प्रेक्षकांची अरेरावी हे त्यामागील एक प्रमुख कारण मानले जाते. आपल्याकडे तर तालुका पातळीवर अनेकदा क्रीडाशिक्षकच पंचाचे काम करतात. ते दुरावले तर स्पर्धा घेणेच कठीण होईल.

शाळांना काय करता येईल?

यासाठी मोठा निधी लागत नाही. हंगामाच्या सुरुवातीला एका पानाची मराठी आचारसंहिता तयार करून खेळाडू, पालक आणि प्रशिक्षक या तिघांच्या सह्या घेता येतात. कोणत्या वर्तनाला कोणती शिक्षा हे आधीच लिहिलेले असावे आणि ती संघातील सर्वोत्तम खेळाडूलाही लागू व्हावी. शिक्षेपूर्वी मुलाचे म्हणणे ऐकून घेतले जावे. पालकांची बसण्याची जागा मैदानाच्या कडेपासून दूर ठेवावी आणि तक्रार सामना संपल्यावर फक्त शाळेच्या प्रतिनिधीने लेखी करावी. स्पर्धेच्या बक्षीस समारंभात खिलाडूवृत्तीचा पुरस्कार असतो, पण तो अनेकदा शेवटच्या क्षणी नाव सुचवून दिला जातो. प्रत्येक सामन्यानंतर पंचांनी दोन्ही संघांना वर्तनाचे गुण द्यावेत आणि त्यावरून तो ठरवावा. तालुक्याच्या स्पर्धेतही हे करता येईल. त्यासाठी गुणपत्रिकेवर एक रकाना वाढवावा लागेल.