कोंडिबापासून कियानपर्यंत : मुरुमच्या पाळण्यातली नावं

मुरुममधल्या शाळेचा जुना हजेरीपट चाळला, की गाव कुठं वसलं आहे ते नावांवरूनच कळतं. बसवराज, शरणाप्पा, सिद्राम, इराप्पा, रेवणसिद्ध ही नावं एका ओळीत. त्यांच्या खाली अंबादास, खंडू, मल्हारी. मग महेबूब, दस्तगीर, लालसाब. मुलींमध्ये महादेवी, महानंदा, गौराबाई. उमरगा तालुक्यातलं हे गाव. दक्षिणेला आळंद आणि पुढं कलबुर्गी, पूर्वेला बसवकल्याण, पश्चिमेला नळदुर्ग, तिथून पुढं तुळजापूर. १९५६ पर्यंत हा सगळा टापू एकाच हैदराबाद राज्यात होता. भाषावार प्रांतरचनेनं मधून रेघ ओढली, पण नवस, सोयरिकी आणि बारशी रेघेच्या दोन्ही बाजूंना चालूच राहिली.

त्यामुळं इथलं प्रत्येक नाव कुणाच्या तरी दाराशी नेतं. अंबादास तुळजापूरच्या भवानीचा, मल्हारी नळदुर्ग-अणदूरच्या खंडोबाचा, श्रीपाद आणि नरसिंह गाणगापूरच्या दत्ताचे. शरणबसप्पा म्हटलं की कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांचं देऊळ आठवतं, आणि खाजा म्हटलं की त्याच शहरातला बंदेनवाजांचा दर्गा. बाराव्या शतकात बसवण्णांनी ज्या कल्याणनगरीत जातीपातीपलीकडचा समाज उभा करायचा प्रयत्न केला, ते बसवकल्याण इथून जवळच. म्हणून बसवराज हे नाव आमच्याकडं गल्लीगल्लीत सापडतं आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही.

हाच बसवराज शिकायला पुण्याला गेला की वेगळं वाटू लागतं. हॉस्टेलवर पहिल्या दिवशी प्रश्न येतो, ‘तू कानडी का?’ इराप्पाचं नाव दोनदा विचारलं जातं, सिद्रामप्पाचा ‘सिद्धू’ होतो, आणि काही मुलं तर पुढं स्वतःच ‘राज’ म्हणून ओळख करून द्यायला लागतात. नाव तेच, माणूस तोच. शंभर-दीडशे कोसांवर ऐकणारे बदलले एवढंच. मला हे टोचतं. सातशे-आठशे वर्षांची परंपरा पाठीशी असलेलं नाव एखाद्या अठरा वर्षांच्या पोराला लपवावंसं वाटावं, यात दोष त्याच्या आईबापांचा नाही.

नवसाच्या नावांना तर धर्माचीही आडकाठी नव्हती. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी व शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. शहाजी हे नाव आज मराठी घरात इतकं मुरलं आहे, की ते एका पिराच्या नावावरून आलं हे सांगितलं तरी अनेकांना खरं वाटत नाही. फकिरा, फकिराप्पा ही नावंही अशाच श्रद्धेतून आली.

आता ज्या नावांना सगळ्यात जास्त हसलं गेलं त्यांच्याकडं वळू. दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिका, उकिर्डा, कोंडिबा. मुलींत दगडूबाई, धोंडाबाई, कचराबाई. ही नावं ठेवणाऱ्या आईला सुंदर नावं ठाऊक नव्हती असं नाही. तिची आधीची दोन-तीन लेकरं पाळण्यातच गेलेली असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दोनशेहून अधिक बाळं पहिलं वर्ष पुरं करत नसत. मग जगलेल्या लेकरावर मृत्यूची नजर पडू नये, दृष्ट लागू नये म्हणून त्याला कवडीमोल ठरवायचं. कुठं बाळाला उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलून आणत. कुठं ते शेजारणीला देऊन पसाभर कोंड्याच्या बदल्यात परत विकत घेत. तोच कोंडिबा. कुठं मुलाचं नाक टोचत आणि त्याला नथू म्हणत. जे टाकाऊ आहे ते काळ तरी कशाला उचलेल, असा तो विचार. दगडासारखं टिकून राहा, हा त्यातला आशीर्वाद.

२०२० साली महाराष्ट्रात अर्भकमृत्यूचं प्रमाण हजारी १६ होतं. लसी आल्या, दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली, आणि दगडू हे नाव पाळण्यातून हळूहळू नाहीसं झालं. त्यामागची भीतीच ओसरली.

या नावांनी मोठी माणसं घडायची थांबली नाहीत. ‘भारतरत्न’ महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू केरूनाना छत्रे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाविरुद्ध उभ्या राहिलेल्या जालना भागातल्या रणरागिणी दगडाबाई शेळके. त्यांच्या नावाला हसायची आज कुणाची हिंमत होईल?

मात्र दगडू-कचरू या नावांची दुसरीही एक बाजू आहे आणि ती कडू आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांची वर्णवार वाटणीच करून दिलेली आहे : ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ सांगणारं, वैश्याचं धनाशी जोडलेलं आणि शूद्राचं तिरस्कार वाटावा असं. म्हणजे वरच्या घरातला धोंडो नवसाचा, आणि गावकुसाबाहेरचा धोंड्या मात्र त्याच लायकीचा, अशी ऐकणाऱ्याची समजूत आधीच तयार. ‘बलुतं’ लिहिणारे दया पवार यांचं मूळ नाव दगडू. १९७८ साली आलेल्या त्या पुस्तकात हा दगडू आणि लिहिता दया पवार समोरासमोर बसून बोलतात. ज्या ग्रंथानं अशी नावं वाटली, तो २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या सत्याग्रहात जाळला गेला. १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर वस्त्यावस्त्यांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा ही नावं घुमू लागली. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात याहून मोठं बारसं झालेलं नाही, असं मला वाटतं. तेव्हा ही नावंही गावाला ‘वेगळी’च वाटली होती. आज ती कुणाच्याही घरात असतात.

नाव ऐकून माणूस तोलण्याची सवय गेली का? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की गेली नाही. त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना हजारो अर्ज धाडले. पात्रता सारखीच, फरक फक्त नावात : काही अर्जांवर उच्चवर्णीय हिंदू नाव, काहींवर दलित, काहींवर मुस्लिम. तेवढ्या शिक्षणावर दलित नावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या मानानं सुमारे दोन तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला तर सुमारे एक तृतीयांशच. अमेरिकेत २००४ साली गोऱ्या आणि काळ्या लोकांच्या वळणाची नावं घालून केलेल्या अशाच पाहणीत गोऱ्या नावांना दीडपट बोलावणी आली होती. म्हणजे बारशाच्या दिवशी आत्यानं कानात सांगितलेलं नाव पंचवीस वर्षांनी कुठल्याशा कचेरीत, त्या मुलाचा चेहराही न पाहता, त्याच्या विरोधात जाऊ शकतं.

एक नाव मात्र असं आहे, की ते बदललंच पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नकुशा, नकोशी. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली, म्हणून तिला हे नाव. दगडूच्या नावात लेकरू जगावं ही धडपड होती. नकुशाच्या नावात ते आलंच कशाला हा बोल आहे, आणि तो तिला रोज हजेरीत ऐकायचा. साताऱ्यात जिल्हा प्रशासनानं अशा मुली शोधल्या आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी समारंभ करून २८५ मुलींना नवी नावं आणि त्यांची प्रमाणपत्रं दिली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. स्वतःचं नाव स्वतः निवडण्याची संधी फार थोड्यांना मिळते.

आताच्या पाळण्यात वेगळाच सूर आहे. कियान, रेयांश, विवान, कियारा, आर्वी, शिवन्या. मुरुमच्या आजीला यातली निम्मी नावं उच्चारता येत नाहीत. ती नातवाला सोन्याच म्हणते. ‘याचा अर्थ काय गं?’ हा तिचा प्रश्न रास्त आहे, पण इराप्पा आणि केरू यांना तरी शब्दकोश उघडून कुणी जोखलं होतं? काही नावं निव्वळ पत्रिकेमुळं येतात. सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना एकेक अक्षर ठरलेलं असतं. हस्त नक्षत्राला पू, ष, ण, ठ. आर्द्रेला कु, घ, ङ, छ. ‘ण’ आणि ‘ङ’ वरून नाव काढायचं तरी कुठून? पूर्वी अशा अक्षराचं नाव, म्हणजे नावरस नाव, पत्रिकेत ठेवून हाक मारायला वेगळं नाव असे. आता आईबाप त्याच अक्षरावरून मोबाईलवर नाव शोधतात आणि कधीच न ऐकलेलं काहीतरी हाती लागतं. नव्या नावाची हौस जुनीच आहे, हे मात्र विसरू नये. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या मुलीला तिथल्या नदीवरून इरावती म्हटलं गेलं. ती पुढं धोंडो केशव कर्व्यांची सून झाली, मानववंशशास्त्रज्ञ झाली, ‘युगान्त’ची लेखिका झाली. एका घरात धोंडो आणि इरावती दोघंही शोभले.

जग या बाबतीत सगळीकडं सारखं मोकळं नाही. आइसलँडमध्ये १९९१ पासून नावांची सरकारी समिती आहे. यादीबाहेरच्या नावाला तिची परवानगी लागते. न्यूझीलंडमध्ये २००८ साली एका नऊ वर्षांच्या मुलीचं, अख्खं वाक्य असलेलं नाव न्यायाधीशांनी बदलायला लावलं. ती मैत्रिणींना खरं नाव सांगतच नव्हती. आपल्याकडं अशी समिती नाही आणि ती नसावीच. कर्नाटकातल्या हक्की पिक्की समाजात हायकोर्ट, कॉफी, गूगल अशी नावं असतात आणि ती माणसं त्याच नावांनी जगतात.

आपल्याकडचा खरा ताप कागदाचा. जन्मनोंदणीत नाव बारा महिन्यांच्या आत घालायला शुल्क नाही. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा झाला आहे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाच्या नावात बाळ, आई, वडील, आडनाव असा क्रम आहे, त्यामुळं महादेवी आणि महानंदा या आयांचंही नाव आता लेकराच्या पूर्ण नावात येतं. सीमाभागात एकच शरणबसप्पा मराठीत एक, कन्नडात दुसरा आणि इंग्रजीत तिसराच लिहिला जातो. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि सातबारा जुळेनासे झाले की राजपत्रात जाहिरात देण्यापर्यंत पाळी येते. म्हणून बारशाच्या आधीच घरात बसून तिन्ही भाषांतलं एकेक लेखन ठरवावं, कागदावर लिहावं, आणि नगरपरिषदेच्या खिडकीशी गेलेल्या माणसानं कारकुनाला नाव तोंडी न सांगता तो कागद पुढं करावा.