चिखलातून वस्तीवर जाणारी जीप : घेताना आणि सजवताना



मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की काळ्या रानातली पाणंद बंद होते. दुधाच्या कॅन डोक्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत न्याव्या लागतात, शाळेची पोरे चपला हातात घेऊन निघतात. घरात कोणी आजारी पडले की वस्तीवरची माणसे आधी आभाळाकडे पाहतात आणि मग कोणाचा ट्रॅक्टर मोकळा आहे त्याची चौकशी करतात. अशा घरांतून अलीकडे मला एकच प्रश्न येतो : "साहेब, फोर बाय फोर गाडी घेतली तर वस्तीपर्यंत जाईल का?"

मी उलट विचारतो, "तुमची वाट कसली आहे?" मुरमाड माळाची, कोकणातल्या जांभ्या दगडाच्या चढणीची, नदीकाठच्या वाळूची, की काळ्या मातीची? पहिल्या तिन्ही वाटांवर चारही चाके ओढणारी गाडी आपली किंमत वसूल करून देते. काळ्या मातीची गोष्ट निराळी. मराठवाड्यात आणि विदर्भात पुष्कळांची वाट तीच असते, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

काळ्या मातीतले चिकण कण पाणी पिऊन फुगतात हे तुम्हाला मी सांगायला नको. जूनमध्ये वरची चार बोटे माती भिजलेली असते आणि खाली टणक थर असतो. त्या वेळी अरुंद आणि खोल नक्षीचा टायर वरचा चिखल कापून खाली पाय रोवतो. श्रावणात मात्र भेगा पाण्याने भरून माती हातभर खोल भिजलेली असते. टायरची नक्षी चिखलाने बुजते, चाक मडक्यासारखे गुळगुळीत होते आणि दोनाऐवजी चारही चाके जागच्या जागी फिरू लागतात. त्या दिवसांत फोर बाय फोर गाडी साध्या गाडीपेक्षा वीस पावले पुढे जाऊन रुतते, आणि तिथून ती काढणे अधिक जिकिरीचे होते! रानाला वापसा आल्याशिवाय आपण कुळव घालत नाही. पाणंदीलाही वापसा असतो, तो गाडीवाल्याने ओळखावा.

आता ही गाडी करते काय ते पाहू. साध्या जीपगाडीत इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना मिळते. फोर बाय फोरमध्ये दुसरा दांडा किंवा बटण वापरून ती पुढच्या चाकांनाही देता येते. शिवाय 'लो' गिअर असतो. त्यात गाडी बैलाच्या चालीने चालते, पण जोर फार लावते. तरीही एक मेख राहते. ट्रॅक्टरचे एक चाक चिखलात गरगर फिरू लागले की तुम्ही टाचेखालचा डिफ-लॉकचा पेडल दाबता आणि दोन्ही चाके एकत्र फिरू लागतात. हा लॉक सगळ्या जीपगाड्यांत नसतो. तो नसेल तर पुढचे एक आणि मागचे एक चाक घसरले की 'चार चाकांची' गाडी जागीच उभी राहते. गुरखा गाडीत पुढेमागे दोन्हीकडे लॉक असतात, थारच्या काही प्रकारांत मागे असतो. विक्रेत्याला रंग आणि गाणी वाजवायच्या पेटीआधी हे विचारा.

आणखी एक गोष्ट विचारा. गाडी दिसायला तशी आहे म्हणून ती फोर बाय फोर असतेच असे नाही. थार २०१० मध्ये आली आणि २०२० मध्ये नव्या रूपात आली. पण जानेवारी २०२३ पासून तीच थार फक्त मागच्या चाकांच्या ओढीचीही मिळू लागली. बाहेरून दोघी सख्ख्या बहिणी! जिम्नी २०२३ मध्ये आली. ती हलकी आहे, आणि चिखलात हलकेपणा हा मोठा गुण आहे, मात्र खताची पोती वाहायला ती नव्हे. माल आणि माणसे दोन्ही न्यायची असतील तर फोर बाय फोर पिकअपचा विचार करा.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी माझीच फजिती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत खात्याची एक जुनी डिझेल जीप आम्हाला फिरतीला होती. तिच्या पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायचे हब होते. ते फिरवून 'लॉक' केल्याशिवाय आत दांडा कितीही ओढला तरी पुढची चाके ओढत नसत. हे ना मला ठाऊक, ना नव्या ड्रायव्हरला. परभणी जिल्ह्यात एका शिवारात आम्ही दुपारी रुतलो आणि संध्याकाळपर्यंत चाकांखाली पऱ्हाट्या घालत बसलो. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दोन बैलजोड्या लावून आम्हाला ओढले. कपाशीवरील मावा कसा ओळखावा याचे माझे व्याख्यान त्यांनी त्या दिवशी मोठ्या सौजन्याने ऐकून घेतले.

तेव्हा जुनी गाडी घेताना ती मऊ मातीत नेऊन पुढची चाके खरोखर ओढतात की नाही हे डोळ्यांनी पाहा. खाली वाकून पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट जागेवर आहे ना, तेही बघा. डिझेल वाचवायला तो काढून ठेवणारे महाभाग असतात. धुऱ्याच्या गोळ्यातले तेल थोडे काढून पाहा. दुधाळ दिसले तर आत पाणी शिरलेले आहे. नोंदणीपुस्तकातला इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळवून घ्या.

आता सजावट. तरुण मुलांचा जीव यातच असतो. माझ्या ओळखीच्या एका वस्तीवर थोरल्या मुलाने जुनी जीप घेतली, तिला रुंद, उंच टायर घातले, पुढे लोखंडी गार्ड लावला, वर दिव्यांची रांग बसवली. उसाच्या बिलातले बरेचसे पैसे त्यात गेले. पहिल्याच पावसाळ्यात रात्री सुनेला कळा सुरू झाल्या. रुंद टायर चिखलावर तरंगत घसरले, मडगार्डाला घासू लागले, आणि गाडी चाकोरीतून निसटून बांधाला टेकली. बाईला ट्रॉलीत गवतावर निजवून रस्त्यापर्यंत न्यावे लागले. बाळबाळंतीण सुखरूप आहेत, पण सासूबाई त्या जीपकडे अजून रागानेच पाहतात.

उंच टायरने गाडीचा तोल वर जातो, ब्रेकवर ताण येतो आणि लो गिअरचा जोरही कमी होतो. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मन मानेल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच बजावले. लोखंडी गार्डावर कारवाई करण्यास केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते. तो समोरच्या पादचाऱ्याला घातक ठरतो, आणि तुमच्या गाडीतील एअरबॅग वेळेवर उघडण्यातही अडथळा आणू शकतो. अपघातानंतर विमा कंपनीने हे बदल दाखवून हात वर केले तर तो खर्च तुमच्या सातबाऱ्यावर येतो.

मग पैसे कशावर घालावेत? कंपनीने सांगितलेल्या मापातच, पण खोल नक्षीचे चार चांगले टायर घ्या. नक्षीची खोबणी मोकळी असावी म्हणजे चिखल झडतो. चिखलात किंवा वाळूत शिरण्यापूर्वी हवा तीसच्या आसपास असेल तर वीसपर्यंत उतरवा, म्हणजे टायर पसरून पकड धरतो. फार कमी केली तर टायर रिमवरून निसटतो. डांबरीवर येताच पुन्हा भरायची, म्हणून पंप हवाच. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून वळणे घेऊ नका, यंत्र ताणाखाली येते. आणि चारही चाके ओढतात म्हणून ब्रेक लवकर लागतो, असा समज असेल तर तो काढून टाका.

ओढ्याच्या पाण्याबाबत मी कडक आहे. नव्या थारची पाण्यात चालण्याची मर्यादा कंपनी ६५० मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन फूट, सांगते. ती उभ्या पाण्याची समजा. वाहते पाणी गाडीला उचलते. इंजिनाच्या हवेच्या नळीत पाणी गेले तर आतला दांडा वाकतो आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो. फरशीवरून पाणी वाहत असेल आणि ती पायी ओलांडायची तुमची हिंमत होत नसेल, तर गाडीही घालू नका.

गाडीचा हप्ता ठरवण्याआधी एकदा ग्रामपंचायतीत पाणंदीची चौकशी करा. राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली होती. आज कोणत्या योजनेतून काम होते ते ग्रामसेवक सांगतील. वाटेवर मुरूम पडला तर साधी गाडीही पुष्कळ ठिकाणी भागवते.

आणि घेतलीच फोर बाय फोर, तर मागच्या बाकाखाली फावडे, दोन जाड फळ्या, पंप, बॅटरी आणि ओढण्याचा मजबूत पट्टा कायम ठेवा. पट्टा बंपरला नव्हे, चेसिसच्या हुकाला बांधावा. ओढताना पोरांना दूर उभे करा, कारण तुटलेला पट्टा आसुडासारखा येतो. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याचा फोन क्रमांक घरातल्या बायामाणसांनाही पाठ असू द्या.