पाइप प्लास्टिकचा, सांधा पितळेचा

शहापूरहून मुरबाडकडे निघाले की भातसा नदीकाठी सापगाव लागते. या परिसरातल्या पाण्याला लोखंडी नळाची ओळख फार जुनी आहे. १८९२ मध्ये तानसा धरण बांधून झाले आणि शहापूरच्या डोंगरांतले पाणी नळांतून मुंबईला निघाले. पुढे १९५७ मध्ये मोडकसागर झाले, मग भातसा. त्या अजस्र नळांच्या शेजारच्या गावपाड्यांत मात्र बायका विहिरीवर हंडे भरत राहिल्या. घरात नळ आला तो पुष्कळ उशिरा, आणि आला तो जीआय पाइपाच्या रूपाने.

जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी पाइप. या मुलाम्याचे पेटंट स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने १८३७ मध्ये घेतले. भारतात या पाइपाची प्रत आयएस १२३९ या मानकाने ठरते. पाइपावरचा पट्टा पिवळा असला तर हलका, निळा असला तर मध्यम, लाल असला तर जड. दुकानात त्यालाच ए, बी, सी क्लास म्हणतात. मापे मात्र ब्रिटिश वळणाचीच राहिली. देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारून साठ वर्षे उलटली, तरी प्लंबर अजून अर्धा इंची एल्बो, पाऊण इंची टी आणि सव्वा इंची सॉकेटच मागतो. गंमत म्हणजे अर्धा इंची पाइप बाहेरून मोजला तर २१ मिलिमीटरहून थोडा जास्तच भरतो. त्याच्यावर इंचाला १४ आटे पडतात आणि त्या आट्यांचा ५५ अंशांचा कोन इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवलेला आहे.

दुखणे सुरू होते तेही या आट्यांपाशीच. डायने आटे पाडताना तिथले जस्त तासले जाते आणि पोलाद उघडे पडते. सफेदा लावून वर सुतळी गुंडाळली की सांधा गळायचा थांबे, पण गंज थांबत नसे. त्यात पाणी दिवसातून तास-दोन तास येणार असेल, तर उरलेला वेळ पाइपात ओल आणि हवा दोन्ही राहतात. सतत भरलेल्या पाइपापेक्षा असा पाइप लवकर गंजतो. जीआयवर पितळी कॉक थेट बसवला की दोन धातू एकाच पाण्यात येतात आणि झीज जीआयच्या वाट्याला येते. तांबे जोडले तर ती आणखी वाढते.

मग प्लास्टिक आले. पुण्याच्या फिनोलेक्सने १९८१ च्या सुमारास पीव्हीसी पाइपांच्या धंद्यात पाऊल टाकले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गरम पाण्याला टिकणारा सीपीव्हीसी भारतात मिळू लागला. सोलर बसवणाऱ्या घरांची मोठी सोय झाली. गंजाचा प्रश्न मिटला, शिवाय पाइप जोडायला डाय नको, पाना नको. सोल्युशन लावले की काम झाले.

तरीही धातू घराबाहेर गेला नाही, तो सांध्यांत जाऊन बसला. नळ, गीझर, मोटार यांना आटे लागतातच. प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत धातूचा निपल आवळला तर तो पाचरीसारखा घुसून सॉकेट उभे चिरतो. म्हणून भिंतीत नळाच्या जागी पितळी आट्यांचा एल्बो घालतात. पाइपात दहा रुपये वाचवले तर एकवेळ चालते, पण इथे वाचवले तर पुढे टाइल फोडावी लागते. प्लंबर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळतो. उलटी गुंडाळली तर फिटिंग फिरवताना ती सुटून येते.

पितळ ओळखणे हा वेगळाच उद्योग. क्रोमचा मुलामा असला की पितळ आणि जस्ताचा मिश्रधातू सारखेच चमकतात. लोहचुंबक फक्त लोखंड पकडतो. जस्ताला तो पितळेइतकाच निर्विकार राहतो. फरक कळतो तो वजनाने, कारण सारख्याच आकाराचा पितळी नळ हाताला स्पष्ट जड लागतो. आयएस ७८१ चा आयएसआय शिक्का असला तर उत्तमच.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर झाले. ग्रामीण भागात घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्याचे उद्दिष्ट. शहापूरच्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात अजून टँकर येतो. नळाला पाणी येते तिथे पावसाळ्यात गढूळपणाही येतो. गेट व्हॉल्व्हच्या खाचेत गाळ साचला की तो पुरता बंद होत नाही. त्यामुळे आता पाव वळणात बंद होणारा पितळी बॉल व्हॉल्व्ह अधिक खपतो. जीआयही पुरता हद्दपार झालेला नाही. अंगणात उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या नळाला आजही तोच लावतात, कारण साधे पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होते. मोटारीजवळ जाणता प्लंबर न विसरता एक युनियन घालतो. मोटार जळाली की ती सोडवायला दोन पाने पुरतात, पाइप कापावा लागत नाही.